ब्रेकचं प्रकरण

४ फेब्रुवारी

आजपासून दैनंदिनी. लेखकांच्या दैनंदिन्या त्यांच्या मागे छापल्या जातात आणि वाचताना वाटत राहतं, बिचाऱ्याने पहिल्या पानापासून जरा जपून लिहायला हवं होतं. मी जपून लिहिणार आहे.

मी पंख्यांच्या कंपनीत तक्रार विभागाचा प्रमुख होतो. लोक लिहायचे, पंखा फिरत नाही. मी लिहायचो, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. उमेदीची सगळी वर्षं यात गेल्यामुळे माणसाच्या मनाचे कानेकोपरे मला पाठ आहेत. गेल्या महिन्यात लवकर निवृत्त झालो. (कंपनी म्हणाली व्हा, मी म्हटलं होतो.) आता कादंबरी. मानसशास्त्रीय, थरारक. लग्न आणि खून.

जेवताना बायकोला सांगितलं.

"कोण कोणाला मारतं?" तिने विचारलं.

"नवरा बायकोला."

"का?"

म्हटलं, ते पुढे ठरेल. ती "बरं" म्हणाली आणि ताटं उचलली. तिला साहित्यात गती नाही. ती ड्रायव्हिंग शिकवते. दारात उभी असलेली ती जुनी पांढरी गाडी, छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी, ती तिची. दोन्ही सीटपुढे ब्रेकची पेडलं आहेत. मला स्वतःला गाडी येत नाही. गरजच पडली नाही, ती सोडते कुठे जायचं तिथे.

८ फेब्रुवारी

कादंबरीतला नवरा तयार आहे. माझ्यासारखाच, पण उंच. बायको मात्र काही केल्या सुचेना. मग लक्षात आलं की एक घरातच आहे.

कालपासून तिच्याकडे बघायला सुरुवात केली. कप दोन्ही हातांनी धरते. उत्तर टाळायचं असेल तर आधी चष्मा पुसते. सोफ्यावर बसली तरी उजवा पाय किंचित दाबलेला असतो, फरशीलाही ब्रेक असल्यासारखा. हे मला आजवर दिसलं नव्हतं, कारण तेव्हा मी लेखक नव्हतो.

"काय बघताय एवढं?" तिने विचारलं.

"तुलाच."

ती कप उचलून आत गेली. नंतर स्वयंपाकघरातून गुणगुणण्याचा आवाज आला. टिपून ठेवला.

१३ फेब्रुवारी

बायको बोलकी होत चालली आहे. कादंबरीला बरं पडतं. आज जांभळा कुर्ता घातला होता. छान आहे, कधी घेतलास, असं विचारलं, तर म्हणाली, "तुम्हीच आणला होता." म्हणजे माझी निवड मुळातच चांगली आहे.

संध्याकाळी तीच म्हणाली, चला, पाय मोकळे करून येऊ. वाटेत तिने वडिलांच्या ट्रकवर ती गाडी कशी शिकली, पाय पुरत नव्हते म्हणून उशी कशी घ्यायची, ते सगळं सांगितलं. मी मध्येच विचारलं, "समजा एखाद्याला तुला मारायचं असेल, तर तू एकटी कुठे सापडशील?"

ती हसली. "एकटी कुठली हो. माझ्या शेजारी कायम कोणीतरी घाबरलेलं बसलेलं असतं."

वाक्य बरं आहे. माझ्या नायकाला देईन.

परतताना तिने माझ्या हातात हात घातला होता. लिहायचा हात होता, पण सोडवला नाही.

१८ फेब्रुवारी

एका प्रकाशनसंस्थेच्या संपादिकेकडे पहिली चार प्रकरणं घेऊन गेलो. पोरगेलीशी बाई, टेबलावर फायली, फायलींवर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. म्हणाली, "बायको फार जिवंत आहे. ती पाय दाबून बसते ते तर अगदी दिसतं डोळ्यांसमोर. पण नवरा पटत नाही."

"म्हणजे?"

"तो तिला का मारतो, तेच कळत नाही. त्याला तिचा राग येत नाही, प्रेम नाही, दुसरी कोणी नाही. मग कशासाठी?"

मी सांगितलं की हेच नवं आहे. ती म्हणाली, असेलही. वर हेही म्हणाली की खुनाचा भाग ऐकीव वाटतो, वाचक हल्ली लगेच चूक काढतात, तेवढं नीट माहिती काढून लिहा.

ऐकीव. मला. ज्याने पंख्याच्या पात्याबद्दल कधी मोघम उत्तर दिलं नाही.

२१ फेब्रुवारी

विष नको, सगळेच देतात. जिना नको, आमचं घर तळमजल्यावर आहे आणि मी डोळ्यांनी पाहिलेलंच लिहिणार. उरली गाडी.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. बायकोच्या गाडीचं सगळं काम तोच करतो, तिला ताई म्हणतो. विचारलं, ब्रेक निकामी करायचे तर काय करावं लागतं. तो टायरमध्ये हवा भरत होता, तो थांबला.

"कशाला साहेब?"

"काम आहे एक."

"कोणत्या गाडीचं?"

"आमच्याच. म्हणजे तसल्याच गाडीचं."

त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ब्रेकला ऑइल लागतं, ते पाइपातून चाकाकडे जातं, पाइप नटाने बसवलेला असतो, पण त्याला आपण कोणी हात लावत नसतो. शेवटचं वाक्य दोनदा म्हणाला. या लोकांना आपला धंदा म्हणजे काहीतरी गूढ विद्या वाटते.

२५ फेब्रुवारी

आज लेखक म्हणून एक पायरी वर चढलो.

दुपारी बायको जेवून जरा पडली होती. जुनी चादर अंथरून गाडीखाली गेलो. मेकॅनिककडून काल एक पाना मागून आणला होता, नळाचं काम आहे सांगून. पुढच्या चाकामागे तो नट सापडला. नायकाच्या हाताला तो थंड लागेल असं मी लिहिलं होतं. प्रत्यक्षात तो चिकट आहे. असल्या गोष्टी संपादिकेला खुर्चीत बसून कळणार नाहीत.

पाना लावला. वाटलं त्यापेक्षा सहज फिरला. थोडंसं ऑइल बोटावर आलं. छातीत असं काही धडधडलं की त्या क्षणी मला माझा नायक पूर्ण कळला. त्याला कारण लागत नाही. त्याला फक्त बघायचं असतं की असं होऊ शकतं का.

हेच वाक्य. गाडीखालीच सुचलं. विसरू नये म्हणून तसाच उठून आत आलो आणि लिहून काढलं. मग हात लागला तो सरळ प्रकरण संपेपर्यंत. इतकं सलग मी कधी लिहिलं नव्हतं.

नट त्याआधी हाताने परत फिरवून ठेवला होता. बहुधा.

२६ फेब्रुवारी

जीवन साहित्याची किती नक्कल करतं ते आज पाहिलं.

सकाळी बायकोच्या गाडीचे ब्रेक गेले. तिच्याबरोबर तिची नवी विद्यार्थिनी होती, एक वयस्क विधवा बाई. क्लचवरचा पाय काढत नाही म्हणून बायको घरी तिला क्लचबाई म्हणते. शाळेसमोरच्या उतारावर पेडल थेट खाली गेलं. बायकोने आपल्या बाजूचं दाबलं, तेही गेलं. दोन्ही एकाच पाइपावर चालतात म्हणे, हे मला माहीत नव्हतं. मी धरून चाललो होतो की एक गेला तर दुसरा आहेच. प्रकरणात दुरुस्ती करावी लागेल. मग तिने गिअर खाली ओढला, हँडब्रेक लावला आणि शाळेचं फाटक यायच्या आत गाडी शेजारच्या भिंतीला घासत नेऊन थांबवली. बायकोला खरचटलं. क्लचबाईचं मनगट मोडलं, बरगड्यांना मार लागला. मुलं अजून फाटकाशी यायची होती.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा बायको बाकावर बसली होती. चेहरा कागदासारखा. मी हळूच विचारलं, "पेडल खाली गेलं त्या क्षणी नेमकं काय वाटलं?"

तिने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. धक्का बसला असणार.

मेकॅनिकही आला होता. लांब उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "बघा, योगायोग." तो निघून गेला. पाना परत करायचा राहिलाय, त्याचाही राग असेल.

नटाचा विचार दिवसभरात एकदोनदा आला. पण मी तो परत फिरवला होता असं मला वाटतं, आणि गाडीही जुनीच आहे.

१ मार्च

मुलगी आली. परगावी नोकरी करते, रजा मिळत नाही अशी तिची कायमची ओरड, आणि आज न कळवता दारात. म्हटलं, माझी कादंबरी ऐकायला आलीस वाटतं. म्हणाली, "हो बाबा. वाचायलाच आलेय."

मन भरून आलं. कादंबरीची सगळी वही तिच्या हातात दिली. तिने ती आईच्या खोलीत नेली आणि दार आतून लावलं. दोघी मिळून वाचत असाव्यात. हसण्याचा आवाज मात्र आला नाही, आणि मी तिसऱ्या प्रकरणात बराच विनोद पेरला आहे.

३ मार्च

घरात काहीतरी शिजतंय. मी आलो की बोलणं थांबतं. बायको मुलीच्या खोलीत झोपते. माझ्याशी अगदी मवाळ बोलते, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी आपण बोलतो तसं. आज कधी नव्हे तो मी चहा केला. दोघींनी कप घेतले, थँक्यू म्हणाल्या, आणि नंतर बघतो तर दोन्ही कप बेसिनमध्ये भरलेलेच ओतलेले.

चहा वाईट झाला नव्हता. मी प्यायलो होतो.

५ मार्च

आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हातचं राखून बोलणारी बायको, बंद दाराआडची मुलगी, न प्यायलेला चहा. असं माणूस कधी वागतं? स्वतःच्या मनात पाप असलं की. चहाच्या डब्यात काय मिसळलंय हे ज्याला माहीत असतं तोच चहा ओतून देतो.

बायको मला मारणार आहे.

आधी भीती वाटली. मग, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. कादंबरीला कलाटणी मिळाली. शिवाय इतक्या वर्षांनंतर कोणाला आपल्याबद्दल एवढं तीव्र काही वाटतं, हे लहानसहान नाही.

तरी सावध राहायला हवं. मोठा चाकू लपवायला स्वयंपाकघरात गेलो, तर तो आधीच जागेवर नव्हता. कात्रीसुद्धा नाही. दोघी माझ्या एक पाऊल पुढे आहेत.

८ मार्च

गाडी दुरुस्त होऊन आली. मेकॅनिक स्वतः घेऊन आला आणि गेला नाही, मोटरसायकलवर बसून राहिला. बायको बाहेर आली, चाव्या माझ्यासमोर धरल्या.

"चला. आज तुम्हाला शिकवते."

"आजच?"

"आजच."

मुलगी मागे बसली. मी नाही म्हणू शकलो असतो. पण लेखकाने आपल्या खुनापासून पळायचं, मग लिहायचं काय. बसलो. बायको माझ्या डावीकडे. मेकॅनिक मोटरसायकलवरून मागोमाग.

गोदामांच्या मागच्या उताराच्या रस्त्याला तिने मला चालवायला लावलं. कुठे वळवायचं, किती दाबायचं, अगदी शांतपणे सांगत होती. मला एकदाही ओरडली नाही. उताराच्या वरच्या टोकाला म्हणाली, "आता ब्रेक." मी दाबला. गाडी थांबली. मला घाम फुटला होता. तिने हँडब्रेक ओढला.

"लागतात ना ब्रेक?" ती म्हणाली. "आता सांगा. नट तुम्ही सोडवला?"

मुलगी मागून पुढे वाकली होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

मी म्हटलं, "फक्त बघायला. नायक काय करेल ते बघायला. नंतर मी तो फिरवला होता."

"घट्ट केलात?"

"एक वाक्य सुचलं, ते लिहायला आत गेलो."

मुलगी परत मागे टेकली. मला वाटलं आता उलगडा झाला, आता दोघींचाही जीव भांड्यात पडेल. म्हणून समजावून सांगितलं, "मला तुला मारायचं नव्हतं. अगं, तसलं काही मनातसुद्धा नव्हतं."

"काय होतं मनात?"

"प्रकरण."

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गाडीत बसणार होते. दररोज बसते. हे मनात आलं नाही?"

मी आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं. आणि म्हटलं, "नाही आलं."

ती काचेतून उताराकडे बघत होती. मग बोलली, मला सांगावं म्हणून नाही, स्वतःशीच हिशेब लावावा तशी.

"आधी तुम्ही माझ्याकडे बघायला लागलात, तेव्हा मला वाटलं, या वयात का होईना, ह्यांना मी दिसले. ठेवणीतला कुर्ता काढला मी. मग ब्रेक गेले, मेकॅनिकने सांगितलं तुम्ही काय विचारत होतात, वही वाचली. मला वाटलं, हे मला मारायला निघालेत. गेले इतके दिवस दार लावून झोपले मी. घाबरले होते. पण त्यातसुद्धा वाटत होतं, निदान माझा विचार तरी करतायत."

तिने सीटबेल्ट काढला.

"तोही करत नव्हतात."

"आई, चल," मुलगी म्हणाली.

दोघी उतरल्या. उताराच्या खालच्या बाजूला एक टॅक्सी आधीच उभी होती, तिच्या टपावर दोन बॅगा दिसल्या. बायकोने मागे वळून पाहिलं नाही. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून होतो. पाय ब्रेकवर दाबलेला. हँडब्रेक लावलेला असताना पाय काढला तर काय होतं ते तिने अजून शिकवलं नव्हतं. मागून ट्रक आला, हॉर्न वाजवू लागला. मग दुसरा.

शेवटी मेकॅनिकने काचेवर टकटक केली.

"सरका साहेब."

मी सरकलो. त्याने गाडी खाली आणली आणि मला घराशी सोडून ती घेऊन गेला. ताईंनी सांगितलंय म्हणाला.

१४ मार्च

पोलिसांनी बोलावलं होतं. अधिकारी जाडजूड, शांत माणूस. माझी कादंबरी त्याच्या टेबलावर. मुलीने दिली असणार. आत त्याने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. मला वाटलं, वाचक म्हणून काही बोलेल.

"तुमच्या पत्नीने सांगितलंय की हा खुनाचा प्रयत्न नाही," तो म्हणाला. "त्यांचं म्हणणं, तुम्ही असं काही ठरवून करणाऱ्यांपैकी नाही. निष्काळजीपणा आहे, त्याचा खटला होईल. पण नशीबवान आहात. त्या एक शब्द वेगळा बोलल्या असत्या तर आज घरी गेला नसतात."

मी विचारलं, "ठरवून करणाऱ्यांपैकी नाही, म्हणजे नेमकं काय म्हणाली ती?"

"इतकंच."

"आणखी काही?"

त्याने वही माझ्याकडे सरकवली. "पुढच्या वेळी जे लिहाल ते करून बघू नका."

बाहेर आल्यावर मला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. उलट रस्ताभर ते वाक्य बोचत राहिलं. खुनी नाही असं ती म्हणाली, चांगुलपणानेच म्हणाली असेल. पण त्यात, खुनी म्हणूनही मी शोभत नाही, असा एक सूर आहे.

२२ मार्च

संपादिकेला फोन केला. तिने पेपरात वाचलं होतं. कादंबरी छापणार नाही म्हणाली. मी विचारलं, नवरा आता तरी पटतो का. ती म्हणाली, "पटतो. म्हणूनच." आणि फोन ठेवला.

मुलगी फोन घेत नाही. बायकोचा नंबर लागत नाही. घरात मी केलेला चहा आता कोणी ओतून देत नाही.

३० मार्च

वकिलाने सुचवलं की जखमी बाईंना भेटून दिलगिरी व्यक्त करा, कोर्टात बरं दिसतं. म्हणून क्लचबाईंकडे गेलो. चौथ्या मजल्यावरचं नीटनेटकं घर. खाली त्यांच्या नवऱ्याची गाडी कापडाखाली झाकलेली. नवऱ्याने हयातभर गाडीला हात लावू दिला नव्हता, म्हणून त्या शिकत होत्या, हे त्यांनीच सांगितलं. हाताला प्लास्टर. मला बसा म्हणाल्या, पाणी दिलं ते डाव्या हाताने.

मी म्हटलं, "झालेल्या प्रकाराबद्दल आपल्या भावना मी समजू शकतो."

त्यांनी रिकामा पेला उचलला. मग म्हणाल्या, "त्या परत शिकवणार आहेत मला. प्लास्टर निघालं की." कुठे, ते विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

उठताना राहवलं नाही. विचारलं, "ब्रेक गेले तेव्हा, ती घाबरली होती का?"

"घाबरल्या असणारच. मला कळू दिलं नाही. त्यांनी एक हात असा माझ्या छातीवर आडवा धरला, दुसऱ्या हाताने गाडी आवरत होत्या. आणि रोज सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या, आता आपण थोडं आपटणार आहोत, मान मागे टेकवा." बाईंनी प्लास्टर सावरलं. "तुमचं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

मी सांगितलं.

त्यांनी दार उघडून धरलं.

घरी येऊन कधी नव्हे ते बराच वेळ नुसता बसलो. आता आपण थोडं आपटणार आहोत, मान मागे टेकवा. मी लिहिलेल्या अख्ख्या कादंबरीत असं एक वाक्य नाही. ते घेतलं तर बायको पुन्हा जिवंत होईल आणि नवरा तिला मारू शकणार नाही. पण वाक्य तिचं आहे. वापरू का, हे आधी तिला विचारायला हवं, असं वाटलं. हे मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

पुन्हा नंबर फिरवून पाहिला. लागला नाही. तोवर निदान इथे उतरवून ठेवतो.